खंजराचा तौक आणि आजोबांची सुरी

दुबईच्या देइरा भागातील जुन्या बाजारात, चांदीच्या एका दुकानात, माझ्या नातवाने खंजीर हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारले, "आजी, हात पुढे घसरला तर? इथे अडवायला काहीच नाही." मुलगा लष्करातली नोकरी संपवून नुकताच घरी आलेला. त्याच्या माहितीतल्या प्रत्येक सुरीला पाते आणि मूठ यांच्या मध्ये आडवी पट्टी असते. ती या खंजराला नव्हती. पात्याच्या मुळाशी चांदीची एक नक्षीदार कडी तेवढी होती.

२०२० च्या सप्टेंबरात इस्राएल आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यात करार झाला आणि आपल्यासारख्यांना तो देश पाहण्याची वाट मोकळी झाली. आम्ही २०२२ च्या हिवाळ्यात गेलो. उंच इमारतींविषयी पुष्कळ जणांनी लिहिले आहे, तेव्हा मी त्यांच्याविषयी लिहीत नाही. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मला दुकानात देता आले नाही. परत आल्यावर वाचले, विचारले, जुन्या गोष्टी आठवल्या, आणि एवढ्याशा कडीमागे बराच इतिहास निघाला. त्यातला काही थेट आपल्या घरापर्यंत येऊन पोचतो, म्हणून हा लेख.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. मी आयुष्यभर रुग्णालयात काम केले. सुरीने कापलेला हात पुसून, धुऊन, डॉक्टरांपुढे धरण्याचे काम मी किती वेळा केले असेल याची गणती नाही. कापण्याच्या जखमा सहसा डाव्या हाताला होतात, पण खुपसण्याच्या जखमा ज्या हाताने सुरी धरली त्याच हाताला होतात. टोक हाडावर, कवचावर, बीवर अडकते, सुरी थांबते, हात मात्र थांबत नाही. तो मुठीवरून सरकून पात्यावर जातो. मग करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्या आतल्या बाजूच्या शिरा तुटतात. इथे 'शिरा' म्हणजे रक्ताच्या नव्हेत, बोट मिटणाऱ्या दोऱ्या. दोरी तुटली की बोट सरळच राहते, आणि ती शिवून पुन्हा कामास लागायला महिने लागतात. मूठ ओली किंवा रक्ताने बुळबुळीत असेल तर हे आणखी सहज घडते. म्हणून टोचण्याच्या हत्याराला हाताची राखण लागते. चिरण्याच्या हत्याराला तितकी लागत नाही.

आपल्या विळीला तर ती मुळीच लागत नाही. विळीचे पाते पाटावर पक्के बसलेले, आणि हलते ती भाजी. आमच्या आया विळीवर मासळी चिरत आल्या, नारळ खवत आल्या. त्यांची बोटे कापली, पण हात पात्यावर घसरून दोरी तुटलेली बाई मी कोकणात पाहिली नाही. इस्राएलमध्ये आल्यावर आवोकाडोच्या बीमध्ये सुरीचे टोक खुपसणारे लोक पाहिले आणि मग असे हात रोज दिसू लागले. असो.

राखण नसलेल्या हत्याराची एक जुनी साक्ष आपल्याच शास्त्रात आहे. शोफेतीमच्या तिसऱ्या अध्यायात बिन्यामिन वंशातला डावखुरा एहूद मोआबचा राजा एग्लोन याला मारतो. त्याने स्वतःसाठी दुधारी, आखूड हत्यार करून घेतले होते आणि ते उजव्या मांडीवर कपड्याखाली बांधले होते. पहारेकरी डाव्या मांडीकडे पाहणार हे त्याने हेरले असावे. राजा लठ्ठ होता. घाव बसला तेव्हा पात्यामागून मूठही आत गेली आणि चरबी वरून मिटली, असे तिथे सांगितले आहे. लहानपणी हा भाग ऐकताना आम्ही मुले तोंडे वेडीवाकडी करत असू. आता वाचताना वेगळेच दिसते. मूठ आत जायची तर मुठीपाशी आडवी पट्टी असता कामा नये. पट्टी असती तर हत्यार बाहेरच अडकले असते, आणि कपड्याखाली फुगवटाही दिसला असता. म्हणजे एहूदाचे हत्यार पाते आणि मूठ एका सरळ रेषेत असलेले होते. तसल्या हत्याराचा फायदा आणि धोका दोन्ही त्या एका ओळीत आले आहेत.

आता अमिरातीकडे वळू. तिथला इतिहास तेलापासून सुरू होतो असे आपल्याला वाटते, पण हजर पर्वताच्या डोंगरांत तांबे होते, आणि मेसोपोटेमियाच्या लोकांना ते चार हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होते. त्यांच्या मातीच्या पाट्यांवर तांब्याच्या ज्या देशाचे 'मागान' हे नाव येते, तो हाच मुलूख आणि शेजारचा ओमान. २००२ मध्ये दुबईच्या दक्षिणेकडील वाळवंटावरून हेलिकॉप्टरने जाताना शेख मोहम्मद बिन रशीद यांना वाळूचा वेगळा रंग दिसला. खाली धातू वितळवल्याचा काळा मळ पसरलेला होता. ही जागा म्हणजे सरुक अल् हदीद. तिथे हजारो वस्तू मिळाल्या: बाणांची टोके, तांब्याचे साप, सोन्याचे मणी, लोखंडी तलवारी, खंजीर. तिथे सापडलेल्या सोन्याच्या एका अंगठीवरून दुबईच्या जागतिक प्रदर्शनाचे बोधचिन्ह घेतले गेले. २०१६ मध्ये शिंदगा भागातल्या जुन्या वाड्यात या वस्तूंचे संग्रहालय उघडले.

त्या काळचे, म्हणजे ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या सुरवातीचे, या प्रदेशातले काशाचे खंजीर पाहिले की कारागिराने हाताची काळजी कशी घेतली ते कळते. पाते आणि मूठ एकाच साच्यात ओतलेली. मुठीच्या दोन्ही कडा किंचित उभ्या केलेल्या, म्हणजे मधे उथळ पन्हळ तयार होते. त्या पन्हळीत लाकूड किंवा हाड बसवायचे, आणि मुठीचे शेवटचे टोक चंद्रकोरीसारखे पसरवायचे. हात मागे निसटू नये म्हणून चंद्रकोर, पुढे जाऊ नये म्हणून पात्याकडे रुंदावणारे खांदे. वेगळी पट्टी नाही, तिचे काम मुठीच्या आकारानेच केले. साचा एकच असल्याने सांधाही नाही, आणि जिथे सांधा नाही तिथे हत्यार ढिले होण्याची भीती नाही.

लोखंड आले तेव्हा ही सोय गेली. काशाप्रमाणे लोखंड त्या लोहारांना साच्यात ओतता येत नव्हते, ते ठोकावे लागे. मग पाते ठोकून त्याच्या मागे अरुंद शेपटी काढायची आणि ती लाकडात किंवा शिंगात बसवायची ही रीत पडली. लाकूड कापते, तडकते, सुकले की आकसते, आणि पात्याचा सगळा जोर नेमका त्या तोंडावर येतो. तिथे धातूची कडी घालणे भाग झाले. आपल्या कोकणात मुसळाच्या टोकाला जी लोखंडी शेंबी असते, कोयत्याच्या लाकडी मुठीच्या तोंडाला जी कडी असते, तिचे कारण हेच. हात वाचवण्याच्या आधी ती लाकूड वाचवते.

अरबी खंजराची कडी याच जातीची. तिला अरबीत 'तौक' म्हणतात, म्हणजे गळ्यातला पट्टा. खंजराच्या प्रत्येक भागाला अंगाची नावे आहेत. मुठीला 'कर्न' म्हणजे शिंग, म्यानाच्या वरच्या भागाला 'सद्र' म्हणजे छाती, आणि या दोहोंच्या मधे गळ्यात तौक. मूठ मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, जवळजवळ डमरूसारखी. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते, आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो. मूठ घट्ट धरली की करंगळीच्या बाजूला एक फुगवटा आणि अंगठ्याच्या बाजूला दुसरा. हात घसरलाच तर खालच्या फुगवट्यावर थांबतो, आणि तो फुगवटा फुटू नये म्हणून त्याच्याभोवती चांदी. ओमानच्या झेंड्यावर हा खंजीर आहे, आणि त्या देशाची ही कला २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. अमिरातीतला खंजीर त्याचाच भाऊबंद. तिथे तो आता लग्नात, सणाला, नाचाच्या वेळी कमरेला बांधतात. भांडणात तो उपसण्याचे दिवस गेले.

जुन्या मुठी गेंड्याच्या शिंगाच्या असत. १९७७ मध्ये गेंड्याच्या शिंगाचा देशोदेशीचा व्यापार बंद करण्यात आला, आणि आज लाकूड, इतर जनावरांचे शिंग किंवा कृत्रिम राळ वापरतात. हे बरेच झाले.

चांदीची गोष्ट मात्र लांबवून सांगण्यासारखी आहे. अरबस्तानात चांदीची खाण म्हणजे नाणे. सर्वांत विश्वासाचे नाणे ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाचे. राणी १७८० मध्ये वारली, पण व्यापाऱ्यांना तिच्या चेहऱ्याची इतकी खात्री पटली होती की पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ नाण्यावर १७८० हेच साल घालून ते पाडत राहिले. वजन सुमारे २८ ग्रॅम, सहा भागांत पाच भाग चांदी. सोनाराला कस लावायलाही नको. किती नाणी आटवली त्यावर दागिन्याची किंमत ठरे. आपल्या लोकांना ठाऊक नसेल, १९४०-४१ साली ही नाणी मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली. फोर्टातल्या त्या इमारतीवरून आमच्या आजीआजोबांपैकी कितीतरी जण रोज जात असतील. आणि खाडीच्या त्या काठाला रुपया तर घरचाच होता. १९५९ पर्यंत तिथे भारताचा रुपया चाले, मग १९६६ पर्यंत खास आखातासाठी काढलेला रुपया, आणि आजचा दिरहम १९७३ मध्ये आला. आखातातल्या इंग्रज रेसिडेंटावर १८७३ पर्यंत हुकूम मुंबई सरकारचाच होता.

याच मारिया थेरेसाने १७४४ च्या डिसेंबरात प्राग शहरातल्या यहुद्यांना हाकलून देण्याचा हुकूम काढला होता. ऐन थंडीत लोक बाहेर पडले. काही वर्षांनी, भारी कर कबूल केल्यावर, त्यांना परत येऊ दिले. आणि तिच्या चेहऱ्याचे नाणे अरबस्तानात आटवत होते कोण? यमनमध्ये, बहुतेक ठिकाणी, आपलेच धर्मबंधू.

यमनच्या यहुद्यांमध्ये चांदीकाम पिढीजात होते. तार ओढून, पिळून, इतकी बारीक जाळी करायची की फुंकर मारली तर हलेल असे वाटावे. बौसानी, बदीही ही घराण्यांची नावे कामाच्या घाटाची नावे झाली. स्त्रियांचे दागिने, तावीज, आणि पुरुषांच्या जांबियाची म्यान व पट्ट्यावरची चांदी हे सर्व त्यांच्या दुकानात होई. जांबिया म्हणजे यमनचा खंजीर. तो तिथल्या अरब पुरुषाच्या अब्रूचे चिन्ह. जो बांधतो तो बरोबरीचा. यहुद्याला मात्र तो बांधण्याची परवानगी नव्हती. शस्त्र घालायचे नाही, अरबाच्या बरोबरीने बसायचे नाही, असे दंडक होते. ज्याने नखाएवढ्या चांदीवर दिवस दिवस मान मोडून काम केले, त्याने तयार वस्तू गिऱ्हाइकाच्या कमरेला लावून पाहायची आणि स्वतःची कमर मोकळी ठेवून घरी जायचे.

१९४९-५० मध्ये यमनचे सुमारे पन्नास हजार यहुदी विमानांनी इस्राएलला आले. त्यातले किती सोनार होते आणि त्यांतल्या कितींना इथे रस्ते खणावे लागले हे ज्यांनी माबारातले दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. त्याआधी आलेल्या यमनी कारागिरांना जेरुसलेमच्या बेझालेल शाळेत, जी १९०६ मध्ये निघाली, काम मिळाले होते. मी ज्या वॉर्डात होते तिथे असा एक म्हातारा सोनार रुग्ण होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे फुंकणीच्या ज्वाळेने वर्षानुवर्षे भाजून चामड्यासारखी झाली होती, आणि तिथे सुई टोचलेली त्याला कळत नसे. तो मला 'हिंदी' म्हणून हाक मारी. एकदा मी विचारले, तुम्ही स्वतःसाठी जांबिया कधी केला का? तो हसला नाही. म्हणाला, मूल नसलेल्या बाईला दुसऱ्याचे मूल न्हाऊ घालताना पाहिले आहेस ना, तसे.

हे वाचताना आपण कोकणातले लोक किती वेगळ्या नशिबाचे हे मनात येते. आपल्याकडे शनिवार तेली म्हणून आपला धंदा हलका मानला गेला असेल, पण शस्त्र धरू नका असे आपल्याला कोणी सांगितले नाही. आंग्र्यांच्या आरमारात आरोन चुरीकर नाईक होते आणि त्यांना इनाम जमीन मिळाली होती. इंग्रजांच्या मुंबई पलटणीत सामाजी हसाजी दिवेकर कमांडंट झाले. टिपू सुलतानाच्या कैदेतून ते सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत शाआर हाराहामीम ही आपली पहिली मशीद बांधली. आपल्या घराण्यांतून सुभेदार, जमादार किती झाले याची यादी कुठल्याही जुन्या कुटुंबात मिळेल. त्यांच्या कमरेला तलवार होती, आणि त्या तलवारीला परज होती.

परज म्हणजे मुठीसमोरून वळून येणारी, बोटांना झाकणारी लोखंडी पट्टी. मराठ्यांनी हाताच्या राखणीचा जितका विचार केला तितका फार थोड्यांनी केला असेल. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून युरोपातली सरळ, लांब, लवचीक पाती येत. मराठे ती घेत, परदेशी मूठ काढून टाकत आणि आपल्या घाटाची रुंद मूठ बसवत. अशा तलवारीला फिरंग म्हणत. पाते फिरंग्याचे, हात आपला, आणि मधली राखण आपल्या लोहाराची. नागपूरकर रघूजी भोसल्यांची अशीच एक फिरंग २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिची मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. मुल्हेर म्हणजे नाशिककडचे बागलाणातले. दांडपट्ट्याची राखण तर याहून पुढची. तिथे हात कोपरापर्यंत लोखंडी हातमोज्यात जातो आणि पाते जणू मनगटातूनच उगवते. २०२४ मध्ये महाराष्ट्राने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला.

पण पात्याला मूठ बसवण्याची युक्ती आखातात आणि दख्खनमध्ये एकच: मूठ पोकळ ठेवायची, तीत लाख किंवा राळ भरायची, पात्याची शेपटी तापवून आत दाबायची. थंड झाले की दगडासारखे बसते, आणि पाते बदलायचे तर पुन्हा ऊब द्यायची. म्हणून जुन्या तलवारींची पाती आणि मुठी निरनिराळ्या काळातल्या सापडतात.

देइऱ्याच्या त्या दुकानदाराने आमची उत्सुकता पाहून मागच्या गल्लीत एका कारागिराकडे पाठवले. कच्छकडचा माणूस, तरुणपणी मुंबईच्या झवेरी बाजारात काम केलेला. मी मुंबईची म्हटल्यावर त्याने बसायला स्टूल दिले आणि चहा मागवला. त्याच्यापुढे दोन कामे होती. एक खंजराचा तौक, दुसरे एका शिकाऱ्याच्या सरळ सुरीची पितळी आडवी पट्टी. अबू धाबीत २००३ पासून शिकारीचे आणि घोड्यांचे मोठे प्रदर्शन भरते, तिथे हाताने केलेल्या सुऱ्या येतात, त्यामुळे हे दुसरे कामही त्याला मिळते.

तौक करताना त्याने चांदीचा पत्रा लाल होईपर्यंत तापवून थंड केला, कारण ठोकलेली चांदी कडक होते आणि वाकवताना चिरते. मग मुठीच्या तोंडाच्या मापाच्या लाकडी ठोकळ्याभोवती तो वाकवला. कडा एकमेकींना भिडल्यावर टाकणखाराचे पाणी लावून, कमी उष्णतेला वितळणाऱ्या चांदीच्या तुकड्याने सांधा झाळला. त्यावर दोन तारा एकत्र पिळून केलेली दोरीसारखी वेल, वेलीच्या मधे चांदीचे बारीक दाणे. कडी मुठीपेक्षा केसभर लहानच ठेवतात, किंचित तापवून चढवतात, आणि थंड होताना ती आवळते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तोच हा न्याय.

पितळी पट्टीचे काम दिसायला सोपे, करायला कठीण. पट्टीच्या मध्यावर शेपटीच्या रुंदीइतकी रेघ मारायची, रेघेवर शेजारी शेजारी भोके पाडायची, भोके शेपटीच्या जाडीपेक्षा लहान हवीत. मधले पडदे कापून टाकले की वेडीवाकडी फट तयार होते. मग बारीक कानशीने एकेक बाजू घासायची, शेपटी घालून पाहायची, जिथे अडते तिथे काळे लागते, तेवढेच घासायचे. पाते घासायचे नाही, पट्टीच घासायची. घाई करणारा एकदा जास्त घासतो आणि मग पट्टी फेकून द्यावी लागते. शेवटी नळी आणि लाकडी हातोड्याने ती पात्याच्या खांद्यांपर्यंत ठोकून बसवतात. त्याने ती दिव्याकडे धरून मला दाखवली. फटीतून उजेड दिसता कामा नये. दिसला तर आत घाम जाईल, रक्त जाईल, खाडीची खारी हवा जाईल, आणि पाते मुठीच्या आत, डोळ्यांना न दिसता, गंजून तुटेल. पितळ कळकते पण गंजत नाही, लोखंडाला तेवढा धीर नसतो. म्हणून बारीक फट राहिलीच तर कथलाने भरतात. कथील कमी उष्णतेला वितळते. चांदीची झाळ इथे चालत नाही, कारण तेवढ्या आचेने पात्याचे पाणी उतरते.

फट नको, हा नियम ऐकताच मला आजोबांची सुरी आठवली. माझे आजोबा रोहे-अष्टमीकडच्या गावांत शोहेत म्हणून जात. त्यांच्या सुरीला राखण नव्हती, कारण तिला टोकच नाही. हलाफचे तोंड चौकोनी असते. शेहितेत हात पुढेमागे ओढायचा असतो. दाबणे मना आहे, थांबणे मना आहे, खुपसून पाते झाकणेही मना आहे. ज्याला खुपसायचेच नाही त्याचा हात घसरणार कुठे? शस्त्रवैद्याच्या सुरीलाही राखण नसते, कारण तोही ती लेखणीसारखी धरून ओढतो. हलाफची सगळी काळजी धारेची. तल्मुदात सांगितल्याप्रमाणे ती बोटाच्या मांसावर आणि नखावर, तिन्ही बाजूंनी तपासायची. रामबामने शेहितेचे नियम लिहिले आहेत. तेही वैद्यच. अबू धाबीला २०२३ मध्ये मशीद, चर्च आणि सिनागॉग शेजारी शेजारी उघडली त्यात सिनागॉगला त्यांचेच नाव आहे, मोशे बेन मैमोन.

आपल्या धर्मात धातूची राखण एकाच सुरीला आहे, आणि ती सुरी धरणाऱ्यासाठी नाही. मोहेलच्या पेटीत फट असलेली चपटी पट्टी असते, तिला हिब्रूत 'मागेन' म्हणजे ढाल म्हणतात. ती सुरीच्या आणि बाळाच्या मधे धरतात. प्रसूतीच्या वॉर्डात काम करताना आठव्या दिवशी परत आलेली बाळे मी पाहिली आहेत. ती पट्टी नीट धरली होती की नाही हे नर्सला लंगोट सोडताच कळते.

आजोबांची सुरी माझ्याकडे आली तेव्हाच मुठीची पितळी शेंबी सैल होती. आलियाच्या सामानात ती टॉवेलात गुंडाळून आली. आमच्यात आता कोणी शोहेत नाही, धारेला एक खाच पडली आहे, त्यामुळे ती कामाची राहिली नाही. वडील म्हणत की खाच इथेच, इस्राएलला आल्यावर कोणी तरी तिने दोरी कापली तेव्हा पडली. कोणी ते घरात सगळ्यांना ठाऊक होते, पण नाव कधी घेतले गेले नाही.

दुबईहून परतल्यावर नातवाने पितळी नळीचा एक तुकडा आणला. जुनी शेंबी काढली तेव्हा आत काळपट मळ आणि लाखेचे चूर्ण निघाले, आणि लाकडावर कोणी तरी खिळ्याने कोरलेली हिब्रू दोन अक्षरे, आलेफ आणि शीन. आजोबांचे नाव अब्राहाम, बापाचे शालोम. मी ती अक्षरे पहिल्यांदा पाहत होते. ती झाकली जातील म्हणून मुलगा थांबला. मी म्हटले, ज्याने कोरली त्याने झाकण्याच्या जागीच कोरली आहेत, बसव. त्याने चार संध्याकाळी कानस चालवली. काल रात्री आम्ही ती स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली धरून पाहिली. एका कोपऱ्यातून अजून उजेड येतो. त्याने पुन्हा कानस हातात घेतली आहे.